एकराचा हिशेब आणि पाण्याचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करते. घर बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. वर्गात सध्या 'डीग्रोथ' चालू आहे, म्हणजे वाढीचा हव्यास सोडा वगैरे. ऐकून राग येतो. आमच्या गावात वाढ अजून पोचलीच नाही, ती यायच्या आधीच थांबवायची का? जीडीपी न वाढता गरिबी कशी जाणार? आणि पर्याय असेलच तर तो कुणी, कुठे, किती वर्षं चालवून दाखवला ते सांगा. भाषण नको."

राग रास्त आहे. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगू नये. एका अमेरिकन माणसामागे वर्षाला साधारण 14 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतीय माणसामागे साधारण 2 टन. तेव्हा 'कमी करा' हा सल्ला कुणासाठी आहे ते उघड आहे. तुमच्या आईला तो लागू नाही, आणि युरोपातले डीग्रोथवाले, निदान त्यातले विचारी लोक, तसं म्हणतही नाहीत.

तरीही तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिच्याशी माझं भांडण आहे. 'आमच्याकडे वाढ पोचली नाही' असं तुम्ही म्हणता. पोचली आहे. कूपनलिकेच्या रूपाने पोचली आहे, आणि ती जीडीपीत मोजलीही गेली आहे.

मी पंधराएक वर्षं सरकारी सांख्यिकी खात्यात जिल्ह्याचं उत्पन्न काढण्याच्या कामात होतो. नंतरची वीस वर्षं नगर, बीड आणि पुरंदरच्या पट्ट्यात गावांचे पाण्याचे ताळेबंद मांडत हिंडलो. आधी आकडा कसा तयार होतो ते पाहिलं, मग तो आकडा काय पाहत नाही ते पाहिलं. म्हणून तुमच्या तीन प्रश्नांना त्याच क्रमाने उत्तर देत नाही. आधी बोअर.

2012-13 चा दुष्काळ तुम्ही लहानपणी पाहिला असेल. तुमच्याच पट्ट्यातल्या एका गावात मी त्या वर्षी मुक्कामाला होतो. एकाची विहीर आटली, त्याने 300 फूट बोअर घेतलं. पाणी लागलं. महिन्याभरात शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ दिसला, त्याने 450 घेतलं. मग तिसऱ्याने 700. तामिळनाडूची पाटी लावलेल्या गाड्या, बहुतेक तिरुचेंगोडकडच्या, रात्रभर धडधडायच्या. आपल्याकडच्या बसाल्ट खडकात एवढ्या खोलवर बहुतेक वेळा धूळच येते. लागलंच तर कित्येक वर्षांत मुरलेलं जुनं पाणी लागतं, आणि ते एकदाच उपसता येतं. गावात एकूण पाणी होतं तेवढंच राहिलं. फक्त ज्याची नळी खोल, त्याच्याकडे ते गेलं. बाकीच्यांनी सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज काढून नळ्या खोल केल्या.

आता हे माझ्या जुन्या टेबलावरून पाहू. बोअर मारणं म्हणजे बांधकाम: उत्पन्नात वाढ. केसिंग पाइप, मोटर, केबल: वाढ. कर्जावरचं व्याज: बँकेच्या सेवेची वाढ. शेवटी गावाला टँकर लागला: वाहतुकीची वाढ. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ती मालवाहतूकही राष्ट्रीय उत्पन्नात चढली. लातूरच्या आडांना पाणी असतं, तर त्यापोटी एक रुपयाही कुठे चढला नसता.

जीडीपी खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. बाजारात किती उलाढाल झाली, एवढंच सांगायचं त्याचं काम, आणि ते तो बऱ्यापैकी करतो. (जिल्ह्याच्या पातळीवर तेही जपून घ्या. पिकांचं उत्पन्न कापणी प्रयोगांवरून निघतं, पण इतर अनेक क्षेत्रांत राज्याचा आकडा काही निर्देशांक लावून जिल्ह्यांत वाटला जातो. वर्तमानपत्रात 'बीडचा विकासदर' वाचाल तेव्हा त्यातला बराच भाग मोजलेला नसून वाटून आलेला असतो, हे लक्षात ठेवा.) 1934 मध्ये अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्सने अमेरिकेच्या काँग्रेससाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा हिशेब मांडला, तेव्हा त्याच अहवालात त्याने बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललं आहे की नाही, हे काढू नका.

माझी तक्रार नेमकी आहे. जीडीपीतल्या 'ग्रॉस' या शब्दाचा अर्थ घसारा न वजा केलेला. घसारा वजा केला की 'नेट' आकडा मिळतो. पण इतकी वर्षं त्यातही घसारा धरला तो यंत्रांचा आणि इमारतींचा. मोटर झिजली तर हिशेबात आली. मोटरने जे उपसलं ते आलं नाही. दुकानदार गल्ल्यातले पैसे मोजतो आणि मागच्या कोठारातला माल किती उरला ते पाहतच नाही, तसा हा प्रकार. कोठार रिकामं होईपर्यंत धंदा झकास चाललेला दिसतो. हे सरकारला माहीत नाही असंही नाही. अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्तांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने 2013 मध्ये निसर्गसंपत्तीचे हिशेब कसे ठेवावेत याचा सविस्तर अहवाल केंद्राला दिला आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2025 मध्ये स्वीकारलेल्या नव्या लेखापद्धतीत नैसर्गिक साठ्याची घट हा उत्पादनाचा खर्च धरून निव्वळ आकड्यातून वजा करायची आहे. पण टीव्हीवर आणि भाषणांत यापुढेही ग्रॉसच ऐकू येईल, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

आपल्याकडे या मोजणीची सुरुवात मात्र अगदी वेगळ्या जागेवरून झाली होती. दादाभाई नौरोजींनी 1867-68 सालासाठी हिंदी माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न काढलं: 20 रुपये. मग ते तिथेच थांबले नाहीत. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं, ते त्यांनी शेजारी मांडलं. तो खर्च जास्त निघाला. म्हणजे या देशात दरडोई उत्पन्न पहिल्यांदा काढलं गेलं ते 'किती वाढलं' हे पाहायला नव्हे, तर 'कैद्याला मिळतं तेवढं तरी मोकळ्या माणसाला मिळतं का' हे विचारायला. आकड्याच्या शेजारी पोट होतं. मधल्या दीडशे वर्षांत आकडा राहिला आणि शेजारचा रकाना गळाला.

आता पाणी. तुम्हाला आकडे हवेत, तर एक गाव धरून मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण आष्टी, पारनेर, पुरंदर, कुठेही थोड्या फरकाने लागू पडतील.

गाव 1,000 हेक्टरचं, पाऊस 500 मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गावात पडलं 500 कोटी लिटर. यातलं बरंचसं उडून जातं, मातीत ओल म्हणून राहतं किंवा ओढ्याने वाहून जातं. खडकात मुरून विहिरीला मिळणारं पाणी दहा टक्के धरा: 50 कोटी लिटर. वस्ती 2,000. जलजीवनच्या निकषाने माणशी रोज 55 लिटर, म्हणजे वर्षाला 4 कोटी. जनावरांना 3 कोटी. उरलं 43 कोटी. हाच गावाचा वर्षाचा पगार. याच्यापुढे जे उपसाल ती उचल.

या 43 कोटीत काय काय होतं? पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या पुढे लागतं. म्हणजे वीस हेक्टर, 50 एकर ऊस. संपलं. तेच पाणी रब्बी ज्वारीला किंवा हरभऱ्याला तीन पाळ्यांत दिलं, तर हेक्टरी साधारण वीस लाख लिटर लागतं. 200 हेक्टर, 500 एकर भिजतं. रुपयांत पाहा. पन्नास एकर ऊस, एकरी 40 टन, टनाला 3,000 रुपये: 60 लाख. पाचशे एकर ज्वारी, एकरी आठ क्विंटल, क्विंटलला 3,000 रुपये: एक कोटी वीस लाख, कडबा वेगळा. ज्वारीत काढणीची मजुरी जास्त जाते, खरं आहे. पण ती मजुरी गावातच राहते.

मग शेतकरी ऊस का लावतो? तो वेडा आहे म्हणून? अजिबात नाही. एकरी हिशेब केला तर ऊस 1,20,000 आणि ज्वारी 24,000. शेतकऱ्याच्या मालकीचा एकर आहे, लिटर नाही. लिटर कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून त्याचा हिशेब कुणीच करत नाही. शिवाय उसाला ठरलेला भाव आणि ठरलेला गिऱ्हाईक आहे. ज्वारीचा हमीभाव बहुतेक कागदावरच राहतो आणि ठरलेला गिऱ्हाईक नाही, बाजार समितीत काय भाव निघेल ते देव जाणे. आणि राज्याचा हिशेब उसाच्याच बाजूने झुकतो, कारण उसामागून कारखाना येतो, साखर येते, मळी, मद्यार्क, इथेनॉल, त्यावरचे कर. ज्वारीची भाकरी घरी थापली जाते, आणि घरी थापलेली भाकरी जीडीपीत येत नाही. तेही जाता जाता सांगतो: केंद्राच्या 2024 च्या वेळवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला वेळ 289 मिनिटं निघाला, पुरुषांचा 88. म्हणजे टँकर उत्पन्नात चढतो आणि घरात राबणारी बाई चढत नाही.

कृषिमूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवलं होतं की महाराष्ट्रात लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ 70 टक्के पाणी पितो. माझ्या 43 कोटी लिटरच्या गावाचा हा राज्याएवढा फुगवलेला फोटो.

उसाला शिव्या घालून मोकळं व्हायचं नाही मला. धनंजयराव गाडगीळ हे नाव तुम्ही अभ्यासक्रमात वाचलं असेल. स्वतंत्र भारताचं राष्ट्रीय उत्पन्न मोजायला 1949 मध्ये महालनोबिसांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्यात गाडगीळ होते. आणि त्याच सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबत सहकारी साखर कारखाना उभा करणारेही तेच. त्या कारखान्यांनी सावकार हटवला, शाळा, दवाखाने, रस्ते आणले. माझं स्वतःचं शिक्षण अशाच एका कारखान्याच्या पट्ट्यात झालं. वाढीने गरिबी हटते, ही गोष्ट मी माझ्या घरात पाहिली आहे, त्यामुळे ती खोटी म्हणायला माझी जीभ वळणार नाही. पण प्रवरेला कालव्याचं पाणी होतं. तोच नमुना उचलून कालवा नसलेल्या, 500 मिलिमीटरच्या मुलखात आणला, तेव्हा तो भूगर्भातल्या साठ्यावर उभा राहिला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी, हा फरक फार पूर्वी सांगितला होता: साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था आणि ओघावर जगणारी. कोळसा, तेल हा साठा. पाऊस, ऊन, जंगलाची दरसालची वाढ हा ओघ. कूपनलिकेने आपण ओघावरून साठ्यावर आलो आणि त्याला विकास म्हटलं.

आता तुमचा खरा प्रश्न: कुणी, कुठे, किती वर्षं.

पुरंदर तालुक्यातलं नायगाव. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे तिथे गेले, देवस्थानची 40 एकर माळरान जमीन करायला घेतली, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मी आजही प्रशिक्षणात फळ्यावर लिहितो, कारण अर्थशास्त्राची अर्धी पुस्तकं त्यात मावतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला 20 टक्के वाटा लाभधारकाने आधी भरायचा.

पुन्हा वाचा. आधी हद्द ठरवली, मग माणसांत वाटणी केली, आणि मग जो तो आपापलं पीक घ्यायला मोकळा. आपलं नेहमीचं सूत्र उलटं: आधी वाढवा, वाटणीचं नंतर बघू, आणि हद्दीचं नावच काढू नका. वाढीला पर्याय म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी हा क्रम सांगतो. 'उत्पन्न वाढू नये' असा नियम पाणी पंचायतीत कुठेच नव्हता. उत्पन्न वाढलं, कोरडवाहू माळावर दोन पिकं निघाली, मुंबईला गेलेली माणसं परतली. फक्त योजना वाढीच्या जिवावर उभी नव्हती. एखाद्या वर्षी उत्पन्न वाढलं नाही, तरी भूमिहीनाचा अर्ध्या एकराचा वाटा जात नव्हता.

आणि आता तुमच्या वर्गात सांगत नाहीत ते. पाणी पंचायतीच्या बऱ्याच योजना पुढे मावळल्या. विजेची बिलं थकली, पंप दुरुस्त करायला माणूस मिळेना, साळुंखे 2002 मध्ये गेले. मग शासनाची मोठी उपसा योजना आली, तिचं पाणी पैसे भरेल त्याला, माणशी वाटा वगैरे काही नाही. ज्याला दुसरीकडून बिनहद्दीचं पाणी मिळतं, तो हद्द का पाळेल? आज पुरंदर म्हटलं की लोकांना अंजीर, सीताफळ आठवतं, त्याहून जास्त विमानतळाचं भूसंपादन आठवतं. गुंठ्याचा भाव ऐकल्यावर अर्ध्या एकराच्या पाण्याचं गणित कुणाला सुचत नाही. एखादं गाव एकट्याने हद्द पाळतं आणि भोवतालचा सगळा मुलूख बेहद्द चालतो, तेव्हा काय होतं, ते इथे दिसलं.

नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार जास्त टिकलं. तुमच्यापासून फार लांब नाही, जाऊन या. पोपटराव पवार 1989 च्या निवडणुकीपासून तिथे आहेत. सिंचनासाठी कूपनलिका नाही, ऊस-केळी नाही, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, बाहेरच्याला जमीन विकायची नाही. पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्या वर्षीची पिकं त्यावर ठरतात. पाऊस कमी, तर जास्त पाण्याचं पीक रद्द. पाऊस तिथे तुमच्याकडच्यापेक्षा जास्त नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. आज बोटावर मोजण्याइतकी. दुधाचं संकलन अनेक पटींनी वाढलं. म्हणजे हद्द घातलेल्या गावात उत्पन्न वाढलं. वाढीचा विरोधक म्हणून मला हे अडचणीचं वाटायला हवं, वाटत नाही. तिथे वाढ मागाहून आली, तीही पाण्याच्या ताळेबंदाच्या आत.

लोक म्हणतात, पोपटराव आहेत म्हणून चाललं. थोडं खरं आहे. पण तीस-पस्तीस वर्षं एखादी गोष्ट चालली की तिला 'एका माणसाची किमया' म्हणून बाजूला सारणं हा आळस आहे. राज्याच्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला बंदी आहे. हिवऱ्यात जो नियम पाळला जातो त्याहून सौम्य नियम कायद्याने सगळ्या महाराष्ट्राला आहे. तो पाळला जात नाही, एवढंच.

'ठिबक लावा, सगळं सुटेल' असं तुमचे एखादे प्राध्यापक म्हणतील. ठिबक चांगलंच आहे. पण हद्द नसेल तर वाचलेलं पाणी ओढ्यात उरत नाही, शेजारच्या एकरात ऊस होऊन उगवतं. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्ये कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं: इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी लागत नाही, इंजिनं वाढतात.

पाण्याबाहेरचा एक दाखला देतो, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: गोव्याचं लोहखनिज. चीनला निर्यातीच्या भरात 2010-11 च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर जात होतं आणि गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात अव्वल दाखवलं जात होतं. 2012 मध्ये बेकायदा खाणकामामुळे सगळं थांबलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची कमाल मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितली, पुढच्या पिढ्यांसाठी. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेने पुढे रेटलेला विचार साधा आहे: जमिनीतलं खनिज ही वडिलोपार्जित मालमत्ता, ती विकून आलेला पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे, मालमत्तेचं रूप बदललं एवढंच. शेत विकून आलेल्या पैशांवर लग्न केलं आणि 'यंदा उत्पन्न चांगलं झालं' म्हटलं, तर गावात हसतील. राज्यं तेच करतात आणि त्याला विकासदर म्हणतात. दहा टक्के ही रक्कम माझ्या मते फार कमी आहे. पण हद्द आणि पुढच्यांचा वाटा, या दोन्ही गोष्टी एकदा न्यायालयाच्या आदेशात आल्या, हे लहान नाही. खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाल्यांचे हप्ते थकले, घरं बुडाली, तेही खरं. हद्द घालायला उशीर केला की ती अशी एका झटक्यात येते आणि सगळ्यात खालच्याला लागते.

इक्वेडोरमध्ये 2023 च्या सार्वमतात 59 टक्क्यांच्या आसपास लोकांनी यासुनीच्या जंगलाखालचं तेल जमिनीतच राहू द्या म्हणून मत दिलं. त्यानंतर विहिरी बंद करायचं काम रेंगाळत राहिलं. यावर जास्त बोलत नाही. मी तिथे गेलेलो नाही.

आता तुमचा सर्वांत टोकदार प्रश्न: वाढीशिवाय गरिबी कशी जाणार. 1972-73 कडे बघा. पीक बुडालं, उत्पन्न वाढायचं सोडा, कोसळलं होतं. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, खडी फोडून हात सोलले. पण 1943 च्या बंगालसारखा भूकबळींचा खच पडला नाही. वि. स. पागे यांनी तासगाव भागात आधी करून पाहिलेली कल्पना पुढे रोजगार हमीचा कायदा झाली, 1977 चा, 1979 पासून अमलात. पैसा कुठून आला? 1975 मध्ये लावलेल्या व्यवसाय करातून. पुण्यात बऱ्या पगाराची नोकरी लागली की तुमच्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातील, ते हेच. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी भरायची. वाढीची वाट न पाहता आजच्या उत्पन्नातूनच वाटा काढायचा, असं महाराष्ट्राने चक्क कायद्याने केलं होतं. पगारपत्रक पाहणाऱ्या दहा जणांना विचारा, एकालाही माहीत नसेल. तो करही मग सरकारच्या सगळ्या पैशांत मिसळून गेला.

म्हणून माझं उत्तर असं. तुमच्या गावातल्या गरिबाचं उत्पन्न वाढायला हवं, भरपूर वाढायला हवं: दूध, कडधान्य, शिक्षण, दवाखाना, पक्कं घर, वीज. गावाचं पाणी, माती आणि चराईचा उपसा मात्र वाढता कामा नये. तो ओघाच्या आत यायला हवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जीडीपी त्यांची बेरीज करून एकच आकडा देतो. वाढ हवी की नको, हा वाद त्या बेरजेवर चालतो, म्हणून तो कधी संपत नाही.

मी कुठे अडतो, तेही सांगतो. राज्याचं कर्ज नेहमी सकल उत्पन्नाच्या टक्केवारीत मोजतात. उत्पन्न वाढलं की कर्ज तेवढंच राहूनही टक्का उतरतो आणि नवं कर्ज काढता येतं. वाढ थांबली तर टक्का चढतो, व्याज चढतं, आणि कात्री आधी अंगणवाडीवर चालते. पगारवाढ, पेन्शन, माझी स्वतःची पेन्शनसुद्धा, अशाच गृहीतकावर उभी आहे. गावात हद्द घालता येते, कारण ग्रामसभेला महागाई भत्ता द्यायचा नसतो. राज्याची व्यवस्था वाढीवाचून चालवून कुणी दाखवलेली नाही. भूतान सुखाचा निर्देशांक काढतो, पण त्याची तिजोरी भारताला वीज विकून आणि भारताच्या मदतीवर चालते. तेव्हा तुमच्या प्राध्यापकांना हे विचारा: कर्जावर चालणारं राज्य वाढीच्या व्यसनातून कसं सोडवायचं? या प्रश्नावर प्रबंध लिहिलात तर मी पहिला वाचक.

तोवर एक काम करा. दिवाळीला घरी जाल तेव्हा गावाचा ताळेबंद मांडा. पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून मिळेल, क्षेत्र तलाठ्याकडून. शाळेतली आठवी-नववीची मुलं सोबत घ्या, चाळीस विहिरींची पाणीपातळी दोरी सोडून दोन दिवसांत मोजून होते. वडिलांना आणि दोन-तीन वयस्क बायकांना विचारा की कोणत्या साली कोणता आड आटला. त्यांना तारखा पिकांवरून आठवतात. बोअर मात्र ग्रामपंचायतीच्या नोंदीवरून घेऊ नका. निम्मे तिथे नसतात. शेतीपंपांची वीजजोडणी मोजा, तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेणारेही धरा, आणि बांधावरून चालत जाऊन केसिंग पाइप मोजा. तीन आकडे तीन वेगळे येतील. तिन्ही मला पाठवा, कोणता कुणी मोजला ते लिहून.